आखूड दस्त्याची बंदूक

अब्बांनी बंदुकीचा परवाना माझ्या नावावर घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात कुणी हसलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. मी त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न गावातच झालं, दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे माहेरची शेती मीच बघते. कोल्हारच्या थोडं पुढे, प्रवरेच्या काठाला आमची जमीन आहे. थोडा ऊस, जनावरांसाठी थोडा घास, आणि नदीकडच्या पट्टीत मका. त्या मक्यात रानडुकरं यायची. सकाळी जाऊन बघावं तर कुणी रोटाव्हेटर फिरवल्यासारखी पट्टी आडवी झालेली असायची.

अब्बांकडे पीकसंरक्षणाचा परवाना होता आणि एक ठासणीची बंदूक. तिच्यात वरून दारू भरायची, छर्रे भरायचे, चिंधी कोंबायची आणि मग सळईनं ठासायची. तोवर डुकरं नदी उतरून जायची. निवडणूक लागली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निवडणूक झाली की परत यायची. माझ्या आठवणीत तिचा आवाज मी फार थोड्या वेळा ऐकला. तरुणपणी अब्बा तितर आणि ससे मारायचे, पण ते फार जुनं. शिकारीवर बंदी आली आणि त्यांनी पाखरावर नळी धरणं बंद केलं. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. एवढंच म्हणायचे की तितर उडताना पंखांचा जो फर्रर आवाज होतो, तो ऐकायला मिळतो तेवढं बास.

मग काचबिंदूनं त्यांची नजर गेली. एकदम नाही, कडेकडेनं गेली. शेवटी उजेड आणि अंधार एवढंच उरलं. परवान्याचं नूतनीकरण आलं तेव्हा त्यांनी नकार दिला. म्हणाले, आंधळ्यानं बंदूक ठेवू नये. माझा नवरा साखर कारखान्यात फिटर आहे. मोठमोठ्या यंत्रांच्या गडगडाटात त्याची उभी जिंदगी गेली, पण त्याला लग्नाच्या वरातीतला फटाकासुद्धा सहन होत नाही. त्यानं पहिल्याच दिवशी हात वर केले. राहिले मी. अब्बांनी मला अंगणात बोलावलं, समोर बसवलं आणि विचारलं, "तुला भ्या वाटतं का?" मी म्हटलं, वाटतं. ते म्हणाले, "मग तूच घे."

घरी आम्ही आमच्या दख्खनी बोलीत बोलतो, पण अब्बांचं शेतातलं आयुष्य सगळं मराठीतच गेलं. महत्त्वाचं काही सांगायचं झालं की ते मराठीत येतात. मीही ते तसंच लिहिते आहे.

परवान्याचं काम सरळ झालं, फक्त वेळ लागला. कलेक्टर ऑफिसच्या फेऱ्या, पोलिसांची चौकशी, डॉक्टरांचा दाखला. चौकशीला आलेल्या हवालदारांनी शेजाऱ्यांना विचारलं, बाईंचा स्वभाव कसा आहे. शेजारणीनं सांगितलं, तापट आहे, पण कुणी तिच्या उसात शिरलं तरच. हवालदारांनी ते लिहून घेतलं की नाही मला ठाऊक नाही. परवाना हातात आल्यावर अब्बा म्हणाले, ठासणीची आता जमा करून टाकू, तिचं वय झालं. तुझ्यासाठी नवी बघू.

नगर-मनमाड रस्त्यानं नगरला जायचं म्हणजे हाडं मोजून घ्यायची. एसटीत अब्बांना खिडकी दिली. बाहेरचं काही दिसत नसूनही राहुरी आली, विद्यापीठ आलं, एमआयडीसी आली हे ते वासावरून आणि खड्ड्यांवरून सांगत होते.

बंदुकीचं दुकान जुन्या बाजारात एका जिन्यावर होतं. खाली भांड्यांची दुकानं, वर लोखंडी जाळीचं दार. आत तेलाचा गार वास. भिंतीला उभ्या बंदुका, आणि सगळ्यांच्या चापांमधून ओवलेली एकच साखळी. दुकानदार सत्तरीचे, पांढरा शर्ट, चष्मा कपाळावर. त्यांनी अब्बांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "बोला चाचा, कशासाठी पाहिजे?" अब्बांनी सांगितलं की डुकरांसाठी, आणि मुलीला हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायला शिकायचं आहे. दुकानदार अब्बांनाच समजावून सांगू लागले. दुनळी अशी, एकनळी तशी. मी बाजूला उभी. त्यांचं बोलणं बरंच पुढे गेल्यावर अब्बांनी हात उचलला.

"तिला सांगा शेठ. बंदूक तिची हाय."

शेठ थबकले. मग चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे, कारण दुसऱ्यांदा सांगताना त्यांनी काहीही गाळलं नाही.

त्यांचं म्हणणं असं होतं की पहिली बंदूक दोन्ही कामं करणारी घ्यावी आणि खिशाला झेपणारी घ्यावी. तबकड्यांसाठी दुनळी देखणी, पण चांगली दुनळी महाग, आणि स्वस्त दुनळी घेऊ नये. परदेशी बंदुका त्यांच्याकडे दोन होत्या. एक मी हातात घेतली. लाकूड असं, जणू आत दिवा लावलाय. किंमत ऐकून मी ती दोन्ही हातांनी परत दिली. मग त्यांनी पंप जातीची बंदूक दाखवली. एकच नळी, खाली तिला समांतर दुसरी, तिच्यात काडतुसं एकामागं एक बसतात. डाव्या हातातली मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत जातं. साधी, मजबूत, बिघडलं तर दुरुस्त होणारी. फक्त हात अर्धवट ओढायचा नाही. "धीटपणे ओढायची, ताई," ते म्हणाले. "बिचकत ओढली की अडकते." त्यांनी रिकामी बंदूक एकदा ओढून दाखवली. खाड्-खाड्. 

पण नवी पंप मला लांब होत होती. खांद्याला लावायला गेले की दस्त्याचं, म्हणजे मागच्या लाकडाचं, टोक काखेतच अडकायचं. मी उंचीनं बेताची, हात आखूड. शेठनी एकापाठोपाठ एक बंदुका काढल्या. एक जड, नळी खाली झुकायची. एक हलकी, पण शेठ म्हणाले, हलकी बंदूक खांदा फोडते. मी थकले. मला वाटू लागलं की बंदुका बायकांच्या मापाच्या निघतच नसाव्यात, आणि जे आहे त्यातलं काहीतरी घेऊन निघावं.

तेव्हा अब्बा उठले. काउंटरच्या कडेला हात लावत आले आणि शेठना म्हणाले, अजून काही जुनं असेल तर काढा. शेठ जरा अवघडले. म्हणाले, एक आहे, पण दाखवण्यासारखी नाही. पाथर्डीकडचा एक निवृत्त फौजी होता, बँकेत पहारा करायचा, त्याची. माणूस बुटका. त्यानं सुताराकडून दस्ता कापून घेतला होता आणि मागं रबराचा जाड तुकडा बसवला होता. नोकरी संपली तेव्हा त्यानं ती इथं विकायला ठेवली. यंत्र एकदम चोख, पण कापलेली म्हणून कुणी घेत नाही. म्हणूनच स्वस्त.

त्यांनी ती आतल्या खोलीतून आणली. काळी, पुसट झालेली, दस्त्याला कडेनं ओरखडे. अब्बांनी ती आधी स्वतःच्या हातात घेतली. शेठनी आत काही नसल्याचं उघडून दाखवलं होतं, तरी अब्बांनी आपलं बोट आत घालून खात्री केली. मग नळीवरून तळवा फिरवला, मूठ ओढली, ढकलली, चाप चाचपला. एखाद्या जनावराचा पाय उचलून बघावा तशी ते ती बघत होते. मग ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "डोळे मीट. मिटल्या डोळ्यांनी खांद्याला लाव. नीट बसली असं वाटलं की उघड."

समोरच्या भिंतीवर एक बंद पडलेलं घड्याळ होतं. मी त्याच्याकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि बंदूक वर घेतली. दस्ता खांद्याच्या खळगीत जाऊन बसला. कुठंही अडकला नाही. गाल लाकडावर टेकला. मी डोळे उघडले.

नळीच्या टोकाला पितळेचा बारीक मणी असतो, त्याला माशी म्हणतात. ती माशी घड्याळाच्या बरोबर मध्यावर होती. मी ती तिथं नेली नव्हती. मी डोळे मिटून होते आणि ती आपोआप तिथं जाऊन बसली होती. मी बंदूक खाली घेतली, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा लावली. पुन्हा तिथंच. अंगावर काटा आला. ज्याला मी कधी पाहिलं नाही, ज्याचं तोंडही मला ठाऊक नाही, अशा कुणा फौजीनं स्वतःच्या हाताच्या मापानं लाकूड कापून घेतलं होतं, आणि ते माझं माप होतं. दोन माणसांचे हात इतके सारखे असू शकतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

"कुठं गेली?" अब्बांनी विचारलं.

"घड्याळाच्या मधोमध."

त्यांनी शेठकडे तोंड करून मान हलवली. पोलिसांची परवानगी आणि परवान्यावरची नोंद यांत काही दिवस गेले, पण बंदूक त्याच क्षणी आमची झाली होती.

नगरच्या बाहेर माळरानावर नेमबाजीची एक खासगी रेंज आहे. चहूकडे खडक, खुरटं गवत आणि पुढे मुरमाचा उंच बांध. तिथं लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार शिकवतात. महिन्यातल्या एखाद्या रविवारी आम्ही तिकडे जाऊ लागलो. नवरा गाडी चालवायचा आणि कानात कापूस घालून, काचा वर करून गाडीतच बसायचा. अब्बा माझ्या मागं, सुभेदारांच्या शेजारी खुर्चीवर.

तबकडी म्हणजे डांबर आणि मातीची एक बशी, नारिंगी रंगाची. खड्ड्यातलं यंत्र ती समोर उडवतं. आपण ओरडायचं, "पुल," आणि ती निघते. किती वेगानं निघते हे सांगून समजणार नाही. पहिल्या दिवशी मला तबकडी दिसायची, मी बंदूक उचलायची आणि तोवर ती बांधापलीकडे गेलेली असायची. खांदा निळा झाला. मूठ ओढायला मी बिचकायची, काडतूस अडकायचं आणि मला शेठचे शब्द आठवायचे. सुभेदार शांतपणे सांगायचे की तबकडीवर नेम धरू नका, तिच्या पुढे चला. मला ते कळायचं, पण हाताला कळायचं नाही.

तिसऱ्या का चौथ्या रविवारची गोष्ट. मी सगळ्या चुकवत होते. थांबून पाणी पीत होते तेव्हा अब्बा म्हणाले, "तू थांबतीस."

मी विचारलं, कशी?

"चाप वढायच्या आदी तुझा पाय थांबतो. खडी वाजत न्हाई. तबकडी गेल्यावर बार होतो. चालता चालता मार. तितराला आमी तसंच मारायचो. त्याच्या संगं उडायचं."

सुभेदारांनी अब्बांकडे पाहिलं आणि हसले. म्हणाले, हेच मी तीन महिने सांगतोय, पण चाचांनी सोपं सांगितलं. मी पुन्हा उभी राहिले. पायाखालची खडी मला पहिल्यांदाच ऐकू आली. ओरडले. तबकडी निघाली आणि मी तिच्याबरोबर कमरेतून वळत गेले, खडी करकरत राहिली, आणि कधी चाप ओढला ते मला समजलं नाही.

निळ्या आभाळात एक काळं फूल उमललं. आवाज त्याच्या मागून आला असं मला वाटलं, खरं तसं होत नसतं. तबकडीचा चुरा झाला होता. तुकडे पडले, पण धूळ तिथंच वर राहिली, गोल, एवढीशी, आणि मग वाऱ्यानं हळूच पूर्वेकडे सरकू लागली. मी बंदूक खाली घेऊन तिच्याकडे बघत राहिले. इतक्या लांब, हवेत, धावणाऱ्या एका गोष्टीला मी इथं उभी राहून स्पर्श केला होता. आयुष्यात मी खुरपं चालवलं, ट्रॅक्टर चालवला, मुलं वाढवली, पण हाताची अशी लांबी मला कधी जाणवली नव्हती. मी जरा घाबरलेही. सुभेदारांनी आठवण करून दिली, नळी खाली, सुरक्षेचा खटका लावा. मी लावला.

मागं अब्बा म्हणाले, "फुटली." त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता मका कणसाला आला आणि डुकरं परत आली. या खेपेला शेजारच्या शेतातही शिरली. एका संध्याकाळी घास कापणाऱ्या बाईच्या अंगावर एक मोठा नर धावून गेला. ती पडली, हात मोडला. गावानं वनखात्याकडे अर्ज दिला. चौकशी होऊन त्या एका डुकराला मारण्याची परवानगी आली. परवानाधारकांत माझं नाव होतं, आणि वनरक्षक सोबत राहतील असं ठरलं.

आदल्या दिवशी मी अब्बांना विचारलं की चाप ओढताना नाव घ्यायचं का. तितरावर बार टाकताना ते अल्लाचं नाव घ्यायचे, त्याशिवाय तो खायला चालत नसे. पण हे तर डुक्कर. अब्बांनी माझा हात आपल्या हातात घेतला. मग म्हणाले, "त्याच्यासाठी न्हाई. तुझा हात हलू नये म्हनून मनातल्या मनात घे."

उजाडायच्या सुमाराला मी आणि वनरक्षक शेताच्या कडेच्या माळ्यावर बसलो. माळा म्हणजे चार लाकडांवर बांधलेली राखणीची फळी. पुढे मका, मक्यापलीकडे नदीची मातीची उंच दरड. त्यांनी मला जागा दाखवली होती. जनावर दरडीच्या समोर आलं तरच, मागं माती असेल तरच. इकडे वळलं तर नाही, कारण इकडे वस्ती. मी बंदुकीत काडतुसं भरली. ही तबकडीची नव्हती, मोठ्या छर्ऱ्यांची होती.

धुकं नदीवरून वर आलं. मक्याची पानं भिजून चमकू लागली. मग पानं हलली नाहीत, फक्त आवाज आला, कणीस चावण्याचा. पाच-सहा जनावरं असावीत. एकेक पाठ दिसायची आणि बुडायची. आणि मग तो बाहेर आला. मी रानडुकरं पाहिली होती, पण ती पळताना, पाठमोरी. असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. खांद्यापासून मानेपर्यंत केसांचा तुरा उभा, अंगातून वाफ निघत होती, सुळे पिवळे. आमच्या घरातल्या धान्याच्या मोठ्या कणगीएवढं त्याचं धड. तो दरडीसमोर थांबला आणि त्यानं नाक वर करून हवा हुंगली. नदी, धुकं, दरड सगळं त्याचंच असल्यासारखा तो उभा होता. मी तर तिथं पाहुणी होते.  एवढं मोठं काही माझ्या शेतात रोज येऊन जात होतं आणि मी त्याला नुकसान म्हणत होते.

वनरक्षकांनी माझ्या पाठीवर बोट टेकलं. मी मनातल्या मनात नाव घेतलं. दस्ता खांद्यात बसला. हात हलला नाही.

एकच बार झाला. लगेच मूठ ओढून दुसरं काडतूस आत घेतलं, पण त्याची गरज पडली नाही. तो जागच्या जागी बसला, मग आडवा झाला. बाकीची नदीत उतरल्याचा आवाज आला. पाखरं उडाली आणि पुन्हा बसली. मग इतकी शांतता झाली की मला माळ्याच्या दोरीची कुरकुर ऐकू येत होती. आम्ही उतरून जवळ गेलो. वाफ अजून निघत होती. डोळा उघडा होता आणि त्यात आभाळ दिसत होतं. मी हात लावला नाही, पण तिथून हललेही नाही. वनरक्षक फोनवर बोलत होते. नंतर त्यांची माणसं आली, पंचनामा झाला, जेसीबीनं खड्डा काढून त्याला नदीकाठी पुरलं. एवढ्या मोठ्या जनावराला मातीत ठेवताना ती माणसंही हळू आवाजात बोलत होती.

मी घरी आले तेव्हा अब्बा अंगणात बसले होते. त्यांनी बार ऐकला होता. दुसरा झाला नाही हेही ऐकलं होतं. मी बंदूक रिकामी करून कुलपात ठेवली आणि त्यांच्याजवळ बसले.

"त्रास झाला का त्याला?"

"नाही अब्बा."

त्यांनी माझ्या उजव्या खांद्यावर तळहात ठेवला. खांदा दुखत होता. मग त्यांनी मला सांगायला लावलं, किती उंच होता, केस कसे होते, कुठल्या बाजूला बघत होता. मी सगळं सांगितलं, धुक्यासकट. सांगता सांगता मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. ते ऐकत होते, आणि त्यांचं तोंड असं झालं होतं जसं मुशायऱ्यात एखादा शेर ऐकताना होतं. शेवटी म्हणाले, "लई मोठा हुता मग."

त्या हंगामात मका घरात आला. घास कापणाऱ्या त्या बाईचा हात बसला, जरा वाकडा बसला. डुकरं काही काळ आली नाहीत. पण पुढच्या मक्याच्या वेळी एका दुपारी मी पाण्याची मोटार चालू करायला नदीवर गेले तेव्हा पलीकडच्या काठानं एक मादी चालली होती, आणि मागं अंगावर पट्टे असलेली पिलं, एका ओळीत. पाणी उथळ होतं. ती पाण्यात उतरून मध्यावर थांबली, पिलं येईपर्यंत थांबून राहिली आणि मग आमच्याच बाजूला चढली. बंदूक घरी होती, आणि सोबत असती तरी परवानगी त्या एकाचीच होती. मी पंपाच्या खोलीच्या सावलीत उभी राहून त्यांना मक्याकडे जाताना बघितलं. शेवटचं पिलू दरडीवरून दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा चढलं, तेव्हा कुठं मी मोटारीचं बटण दाबलं.